टर्न कोणाचा, फासे पडले का? कटानच्या टर्नबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कटानचा पट मांडून नवख्यांना नियम सांगायला बसलं की दर वाक्यामागे कोणीतरी "पण मग" म्हणतं. खालचे बहुतेक प्रश्न अशा "पण मग" मधूनच आले आहेत. टेबलावर वाद झाला की मी पहिल्यांदा दोनच गोष्टी विचारते: आत्ता टर्न कोणाचा आहे आणि फासे पडलेत का? बरेचसे वाद तिथेच मिटतात. उरलेल्यांसाठी हे पान.

इथे सगळं मूळ खेळाबद्दल आहे, म्हणजे ३ किंवा ४ जण आणि १० गुणांचा डाव. शब्दांचं आधीच सांगते. मालाचे प्रकार पाच: लाकूड, वीट, लोकर, धान्य आणि खनिज. पट जमिनीच्या षटकोनी तुकड्यांचा असतो; असे तीन षटकोन जिथे भेटतात त्या टोकाला मी तिठा म्हणणार आहे. आणि जो काळा सोंगटा सगळ्यांच्या शिव्या खातो, तो चोर.

एका टर्नमध्ये नेमकं काय करायचं असतं?

फासे टाकायचे, देवाणघेवाण करायची, बांधायचं आणि फासे डावीकडच्याला द्यायचे. यातलं सक्तीचं फक्त फासे टाकणं. बाकी काहीच न करता "पास" म्हटलं तरी चालतं.

एक साधा टर्न बघा. माझ्या हातात २ लाकूड, १ वीट आणि ३ धान्य आहे. फासे टाकले, ९ आला. ९ चा आकडा असलेल्या कुरणाला लागून माझी एक वस्ती आहे, म्हणून १ लोकर मिळाली. मला एक रस्ता पुढे काढून त्याच्या टोकाला वस्ती करायची आहे. रस्त्याला लाकूड आणि वीट लागते. वस्तीला लाकूड, वीट, लोकर आणि धान्य प्रत्येकी एक. म्हणजे अडलंय ते एका विटेवर. मी विचारते, "वीट कोण देतं? धान्य देते." समोरचा म्हणतो, "दोन धान्य." थोडी कुरकुर करून मी दोन देते. आता हातात २ लाकूड, २ वीट, १ धान्य, १ लोकर. रस्ता टाकला, वस्ती ठेवली, हात रिकामा झाला आणि फासे पुढे गेले. विटेसाठी दुप्पट मोजले हे खरं, पण एक गुण पदरात पडला आणि चोरायला हातात काही उरलं नाही. मला असा टर्न फार आवडतो.

पहिल्याच टर्नला हातात कार्डं कुठून आली?

मांडणीतून. सुरुवातीला प्रत्येक जण एक वस्ती आणि तिला लागून एक रस्ता ठेवतो. ही फेरी घड्याळाच्या दिशेने जाते. दुसरी वस्ती आणि रस्ता ठेवण्याची फेरी उलटी येते, त्यामुळे शेवटचा खेळाडू लागोपाठ दोनदा ठेवतो आणि पहिल्याला दुसरी वस्ती सगळ्यांत शेवटी ठेवावी लागते. ही दुसरी वस्ती ज्या षटकोनांना टेकते, त्या प्रत्येकाचं एकेक कार्ड लगेच मिळतं. पहिल्या वस्तीचं काहीच मिळत नाही. दुसरी वस्ती वाळवंटाला टेकवली असेल तर तेवढं एक कार्ड कमी.

फासे टाकण्याआधी काही करता येतं का?

एकच गोष्ट: आधीच्या टर्नला घेतलेलं एक डेव्हलपमेंट कार्ड, म्हणजे माल देऊन विकत घ्यायचं खास कार्ड, खेळता येतं. व्यापार नाही, बांधकाम नाही.

हे कार्ड बहुतेक वेळा नाईट, म्हणजे चोर हलवणारं कार्ड, असतं. चोर तुमच्या ८ च्या डोंगरावर ठाण मांडून बसला असेल तर फासे टाकण्याआधी त्याला उठवा. नाहीतर नेमका ८ पडतो आणि खनिज हुकतं. नवखे खेळाडू आधी फासे टाकतात आणि मग नाईट आठवून कपाळाला हात लावतात.

फासे दुसऱ्याने टाकले. मला माल मिळतो का?

मिळतो. या खेळाची सगळी गंमत तिथे आहे. फासे कोणीही टाकोत, जो आकडा पडेल त्या षटकोनांभोवती ज्याची वस्ती असेल त्याला १ कार्ड आणि ज्याचं शहर असेल त्याला २. एकाच षटकोनाला तुमची वस्तीही आहे आणि शहरही आहे, तर ३.

क्लाउस टॉयबर यांचा हा खेळ १९९५ मध्ये जर्मनीत आला आणि त्याच वर्षी तिथल्या 'श्पील देस यारेस' पुरस्काराचा मानकरी ठरला. त्याआधीच्या किती तरी पटांवरच्या खेळांत आपली पाळी येईपर्यंत जांभया द्यायच्या असत. इथे चौघांच्या फेरीत तुमच्या नावावर चार वेळा फासे पडतात, त्यातले तीन वेळा इतरांच्या हातून. तेव्हा दुसऱ्याच्या टर्नला फोनमध्ये डोकं घालू नका. तुमचं धान्य तुम्हीच मागून घ्यायचं असतं.

मागायला विसरलो तर?

आमच्याकडे पुढचे फासे पडेपर्यंत मागता येतं, नंतर नाही. हा टेबलाचा नियम आहे. तुमचा वेगळा असू द्या, पण डाव सुरू होण्याआधी ठरवा.

बँकेत एखाद्या मालाची कार्डं संपली तर?

प्रत्येक मालाची कार्डं १९ च असतात, त्यामुळे लांबलेल्या डावात हे होतं. सगळ्यांना पुरेल इतका माल नसेल तर त्या फेकीला तो माल कोणालाच मिळत नाही. बँकेत २ लाकडं उरलीत, मला १ आणि तुम्हाला २ येणं आहे, तर दोघांनाही भोपळा. एकट्याचंच येणं असेल तर मात्र आहे तेवढं त्याला मिळतं: ३ येणं, २ शिल्लक, तर २ घ्यायची. उरलेल्याची उधारी नाही. बाकीचे माल नेहमीप्रमाणे वाटले जातात.

७ पडला. आता क्रम काय?

क्रम पक्का आहे आणि तो मोडला की भांडण होतं.

आधी सगळ्यांनी आपापली कार्डं मोजायची. ज्याच्याकडे ७ पेक्षा जास्त आहेत त्याने निम्मी बँकेत टाकायची. अर्धं कार्ड उरत असेल तर ते तुमच्याच फायद्याचं: ८ असतील तर ४ जातात, ९ असतील तरीही ४ च. बरोबर ७ असतील तर तुम्ही सुटलात. फासे टाकणाराही यातून सुटत नाही, हे बरेच जण विसरतात. मोजायची ती फक्त मालाची कार्डं, डेव्हलपमेंट कार्डं धरायची नाहीत.

मग फासे टाकणाऱ्याने चोर हलवायचा. आहे तिथेच ठेवता येत नाही. त्यानंतर त्या षटकोनाभोवती ज्याची वस्ती किंवा शहर आहे अशा एकाच्या हातून, न बघता, एक कार्ड ओढायचं. दोघंतिघं असतील तर कोणाचं ओढायचं ते तुम्ही ठरवा. ज्याला निवडलं त्याचा हात रिकामा निघाला तर तुमचं नशीब.

त्या फेकीला माल कोणालाच मिळत नाही, कारण पटावर ७ चा आकडाच नाही. पण तुमचा टर्न संपलेला नसतो. चोरी उरकली की नेहमीसारखा व्यापार करा, बांधा.

७ इतक्या वेळा का पडतो?

दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ मध्ये बेरीज ७ येते, दुसरी कुठलीच बेरीज इतक्या वेळा येत नाही. ६ आणि ८ यांना प्रत्येकी ५ शक्यता, २ आणि १२ यांना एकेक. आकड्यांच्या चकत्यांवर खाली जे ठिपके असतात ते याच शक्यता मोजतात.

आता कामाचा हिशोब. चौघांचा डाव आहे आणि तुम्ही हातात ८ कार्डं ठेवून टर्न संपवलात. ती खर्चायची संधी परत मिळेपर्यंत फासे चार वेळा पडणार: तिघांचे तीन आणि तुमचा स्वतःचा एक. या चारांत एकदा तरी ७ पडण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के निघते. म्हणजे नाणेफेकीपेक्षाही वाईट. "पुढच्या टर्नला एकदम शहर बांधतो" म्हणत पंख्यासारखी कार्डं धरून बसणाऱ्यांना मी हा आकडा ऐकवते. ते हसतात, आणि पुढच्याच फेरीत चार कार्डं मोजून बँकेत टाकतात.

नाईट खेळल्यावरही कार्डं टाकावी लागतात का?

नाही. नाईटने चोर हलतो आणि एक कार्ड ओढता येतं, एवढंच. निम्मी कार्डं टाकणं फक्त ७ पडल्यावर.

चोर कुठेही ठेवता येतो का? आणि बसल्यावर तो काय काय अडवतो?

दुसऱ्या कुठल्याही जमिनीवर ठेवता येतो, परत वाळवंटातसुद्धा. अडवतो तो फक्त त्या एका षटकोनाचा माल. तिथे बांधता येतं, तिथून रस्ता काढता येतो आणि शेजारच्या वस्तीला बंदर असेल तर त्या बंदराचा भावही चालू राहतो.

व्यापार कोणी कोणाशी करायचा?

ज्याचा टर्न आहे त्याच्याशीच. तो कोणालाही विचारू शकतो, बाकीचे त्याला स्वतःहून देऊ करू शकतात, पण बाकीच्यांनी आपसात काही करायचं नाही. माझा टर्न चालू असताना समोरच्या दोघांनी "तू लोकर दे, मी वीट देतो" सुरू केलं तर त्यांना थांबवायचं.

किती कार्डांना किती, हे दोघांनी ठरवायचं. एकास एक, दोनास एक, तीनास दोन, काहीही चालतं. नाही म्हणायचा हक्क दोन्हीकडे आहे आणि कारण द्यायची गरज नाही. एकाच टर्नमध्ये कितीही सौदे करा. एकाकडून लोकर घेऊन तीच दुसऱ्याला विकून वीट मिळवली तर टेबलावर त्याचं कौतुकच होतं.

दुसऱ्याच्या टर्नला व्यापारात भाग घ्यायला नवखे बिचकतात. तसं करू नका. समोरच्याला वीट हवी आहे, तुमच्याकडे चार पडून आहेत आणि तुमच्या हातात एकूण नऊ कार्डं आहेत. अशा वेळी दोन विटांना एक खनिज मागा. त्याला हवं ते मिळेल आणि तुमचा हात आठवर येईल. आणखी एखादा असा सौदा जमला तर ७ ची भीतीही गेली.

फुकट द्यायचं, उधार ठेवायचं, वचन द्यायचं, हे चालतं का?

फुकट देता येत नाही. सौदा म्हटला की दोन्ही बाजूंनी काहीतरी हललं पाहिजे. तोच माल त्याच मालाच्या बदल्यात, म्हणजे तीन खनिजं घेऊन एक खनिज देणं, हाही फुकट देण्याचाच वळसा आहे. तो चालत नाही. डेव्हलपमेंट कार्डं विकता येत नाहीत.

"आत्ता वीट दे, चोर तुझ्यावर ठेवणार नाही" अशी वचनं लोक देतातच. सौदा मालाचाच, वचन तोंडी आणि ते पाळायची सक्ती नाही, असं आम्ही धरतो. मोडणाऱ्याला त्या डावात पुन्हा वीट मिळत नाही, हा भाग वेगळा.

कोणीच देत नसेल तर?

मग बँक. एकाच मालाची ४ कार्डं दिली की हवं ते १ मिळतं. साध्या बंदरावर तुमची वस्ती किंवा शहर असेल तर ३ ला १. एखाद्या ठराविक मालाचं बंदर असेल तर तोच माल २ ला १. पटावर बंदरं ९ असतात, त्यातली ४ साधी आणि ५ ठराविक मालाची. लोकरीचं बंदर आणि दोन चांगली कुरणं हातात असली की बाकीच्यांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत. बंदर स्वतःच्या टर्नलाच वापरायचं.

आधी बांधलं, मग व्यापार आठवला. चालेल?

यावर टेबलं दुभंगतात. नियमपुस्तिकेतला मूळ क्रम आधी व्यापार आणि मग बांधकाम असा आहे, आणि सरावलेल्या खेळाडूंना दोन्ही एकत्र करायची मुभा दिली आहे. फरक कुठे पडतो? आत्ताच बंदरावर वस्ती केली आणि हातात त्याच मालाची कार्डं आहेत. क्रम कडक असेल तर बंदराचा फायदा पुढच्या टर्नपासून, एकत्र असेल तर लगेच.

माझं मत विचाराल तर पहिले दोनतीन डाव कडक क्रमाने खेळा, म्हणजे कोण काय करतंय ते सगळ्यांना समजतं. नंतर मोकळं सोडा. मोकळा टर्न लांबतो, पण चुरस वाढते.

एका टर्नमध्ये किती बांधता येतं?

माल आणि सोंगट्या पुरतील तितकं. प्रत्येकाकडे १५ रस्ते, ५ वस्त्या आणि ४ शहरं असतात. शहराला ३ खनिजं आणि २ धान्य लागतं आणि ते वस्तीच्या जागीच होतं, मोकळ्या तिठ्यावर थेट नाही. तिथली वस्ती तुमच्याकडे परत येते. पाचही वस्त्या पटावर असतील तर सहावी करता येत नाही, आधी एखादीचं शहर करून सोंगटी मोकळी करावी लागते.

वस्तीला अंतराचा नियम आहे: शेजारचे सगळे तिठे रिकामे हवेत, मग तिथली वस्ती तुमची असो वा दुसऱ्याची. शिवाय तुमचा रस्ता त्या तिठ्यापर्यंत पोचलेला हवा.

डेव्हलपमेंट कार्ड घेतलं त्याच टर्नला खेळता येतं का?

नाही. पुढच्या टर्नपासून, आणि एका टर्नला एकच. विकत मात्र कितीही घ्या. किंमत खनिज, लोकर, धान्य प्रत्येकी एक. एकूण २५ कार्डं: १४ नाईट, ५ गुणांची, आणि दोन रस्ते फुकट देणारं, बँकेतून दोन कार्डं देणारं, मक्तेदारीचं अशी प्रत्येकी २.

गुणांची कार्डं अपवाद आहेत. ती खेळायची नसतात, लपवून ठेवायची असतात. १० गुण भरत असतील तर आत्ताच घेतलेलंही उघडता येतं आणि कितीही एकदम उघडता येतात.

सगळी खनिजं विकून मग मक्तेदारीचं कार्ड काढलं. ही फसवणूक नाही का?

फसवणूक वाटते, पण नियमात बसते. कार्ड काढून एका मालाचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी आपल्याकडचा तो माल तुम्हाला द्यायचा. डेव्हलपमेंट कार्ड टर्नमध्ये कधीही खेळता येत असल्यामुळे आधी उदारपणे खनिजं वाटली, बदल्यात विटा-लाकडं घेतली आणि मग शांतपणे "खनिज" म्हटलं, असं होऊ शकतं. मी हे एकदाच केलं. त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये मला एका लोकरीसाठीही कोणी उभं केलं नाही.

माझा लांब रस्ता कोणी तोडू शकतं का? आणि दुसऱ्याच्या टर्नला १० गुण झाले तर?

दोन्ही प्रश्न एकत्र घेते, कारण ते एकदम अंगावर येतात.

सलग ५ किंवा जास्त रस्ते आणि ते इतरांपेक्षा जास्त, असं झालं की सर्वात लांब रस्त्याचे २ गुण. फांद्या धरत नाहीत, एकच सलग वाट मोजायची. बरोबरी झाली तर आधी ज्याच्याकडे कार्ड आहे त्याच्याकडेच राहतं. पण वाटेतल्या मोकळ्या तिठ्यावर दुसऱ्याने वस्ती केली की वाट तिथे तुटते. तुमची स्वतःची वस्ती वाट तोडत नाही.

आमच्या एका डावात माझा ७ चा रस्ता होता. उजवीकडच्याने मधोमध वस्ती ठोकली आणि रस्त्याचे झाले ४ आणि ३. माझे ९ गुणांचे ७ उरले. डावीकडच्याचा रस्ता ५ चा होता, त्याच्याकडे आपोआप कार्ड गेलं आणि त्याचे ८ चे १० झाले. तो "जिंकलो!" म्हणून उभा राहिला. मी विचारलं, टर्न कोणाचा आहे? जिंकायचं ते स्वतःच्या टर्नलाच. उजवीकडच्यानंतर माझा टर्न होता, त्याचा त्यानंतर. मी तिसरा नाईट खेळले, तीन नाईट आधी खेळणाऱ्याला मिळणारे सर्वात मोठ्या सेनेचे २ गुण घेतले, एका वस्तीचं शहर केलं आणि १० वर पोचले. तो अजून उभाच होता.

रस्ता तुटल्यावर दोघा इतरांची बरोबरी निघाली आणि जुना मालक त्यांच्या मागे पडला, तर कार्ड बाजूला ठेवायचं. कोणीतरी एकटा पुढे गेला की त्याला द्यायचं.

५-६ जण असतील तर?

जोडसंच लागतो. त्याच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक टर्ननंतर बाकीच्यांना बांधायची एक जादा संधी मिळते. तिथे व्यापार करता येत नाही, बँकेशीही नाही. नव्या आवृत्तीत पद्धत बदलली आहे, तेव्हा आपल्या डब्यातली पुस्तिका बघा.

फासा टेबलाखाली गेला तर?

दोन्ही फासे पुन्हा टाकायचे. हो, खाली वाकल्यावर हवा तो ८ दिसला असला तरी.